बाबाजी धुरी चढायला शिकतो

तबूकपासून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर एका मोठ्या हॉटेलचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथली टॉवर क्रेन बाबाजी धुरी चालवायचा. रोज सकाळी साडेपाचला तो हार्नेस बांधून शिडीला हात घालायचा आणि सत्तर मीटर चढून थेट केबिनमध्ये जाऊन बसायचा. दुसरे ऑपरेटर वाटेत दोन-तीनदा टेकायचे. बाबाजी टेकला असं कुणी पाहिलं नव्हतं.

तो वेंगुर्ले तालुक्यातला. वय छत्तीस, अंगाने सडपातळ, मनगटं जाड, आणि स्वतःबद्दलचं मत उत्तम. ते मत त्याने कधी लपवलं नाही आणि कुणाच्या गळ्यातही मारलं नाही. काँक्रीटने भरलेली बकेट तो चौदाव्या मजल्यावर अशी अलगद उतरवायचा की खाली उभ्या असलेल्या माणसाच्या बुटावर थेंब उडत नसे. कुणी वाहवा केली तर म्हणायचा, "बारा वर्षं हेच करतोय. नाही आलं तर कसं चालेल?"

एका जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला, थंडी कडकडून पडली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. बाबाजीने केबिनच्या काचेतून सहज पश्चिमेकडे पाहिलं. एरवी तपकिरी दिसणारी डोंगरांची रांग वरच्या बाजूने पांढरी झाली होती. त्याने वॉकीटॉकी उचलला आणि खाली असलेल्या तल्हाला विचारलं, "तल्हा, ते पांढरं काय आहे? खडी काढतात का तिकडे?"

तल्हा साइटवरचा सेफ्टी ऑफिसर, म्हसळ्याचा, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. साइटवर दोघांचीच बोली एकमेकांच्या जवळची, त्यामुळे ओळख झाल्यापासून ते मराठीतच बोलत. तो हसत म्हणाला, "बाबाजीभाई, तो जबल अल लौझ. बर्फ पडलाय."

"बर्फ? सौदीत?"

"दरवर्षी नाही पडत. मी शुक्रवारी जातोय वर. येताय का?"

तल्हा दर शुक्रवारी तबूकच्या सात-आठ जणांबरोबर डोंगरावर जायचा. त्यांचा म्होरक्या हम्माद नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा सौदी गृहस्थ होता. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेला, काडीसारखा बारीक, पांढरी दाढी. नेपाळात दोनदा सहा हजार मीटरच्या वर जाऊन आला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

त्या शुक्रवारी बाबाजीने साइटवरचे बूट घातले आणि डोंगराच्या पायथ्यापासून जो सुटला तो सुटलाच. बाकीचे गप्पा मारत, हळूहळू पावलं टाकत येत होते. त्यांची बाबाजीला दया आली. त्यांच्यापेक्षा पाऊण तास आधी तो वर पोचला, बर्फाचा गोळा करून पाहिला, एक तुकडा चाखलाही, आणि खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे राजासारखा बघत बसला. जगात आपल्याला जमणारी आणखी एक गोष्ट सापडली, अशी त्याची खात्री झाली.

उतरताना मात्र खात्रीचा निकाल लागला. अर्ध्या वाटेवर मांड्या थरथरायला लागल्या. मग गुडघे. शेवटचा तासभर तो तल्हाच्या खांद्यावर हात टाकून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि दुसरा पाय वर जाईना. बारा वर्षांत पहिल्यांदा बाबाजी धुरीने "आज मला जमणार नाही" असं फोरमनला सांगितलं. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

दुसरा कुणी असता तर पुन्हा डोंगराचं नाव काढलं नसतं. बाबाजी कॅम्पच्या खोलीत पाय वर करून पडला आणि दिवसभर मोबाइलवर हिमालयातल्या चढायांचे व्हिडिओ बघत बसला. पुढच्या शुक्रवारी तो लंगडत तल्हाबरोबर उस्तादांच्या घरी गेला. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, गालिच्यावर बसून कहवा झाला, खजूर झाले, आणि मग बाबाजी म्हणाला, "मला सात हजार मीटरचं शिखर करायचंय. लडाखच्या बाजूला आहे. नून नावाचं."

तल्हाने अरबीत सांगितलं. उस्तादांनी भुवया उचलल्या. "नून? आमचं अरबी अक्षर?"

"अक्षरच, पण शिखराचं नाव. शेजारच्याचं नाव कून."

उस्ताद हसले. "कुन म्हणजे आमच्यात 'घडून ये' अशी आज्ञा. नावं चांगली आहेत." मग त्यांनी बाबाजीच्या पायांकडे पाहिलं. "हा माणूस शिडी उत्तम चढतो. पाच मिनिटांचं काम आहे ते. याला सांग, नून म्हणजे वीस दिवस. रोज सहा-सात तास, पाठीवर ओझं, खायची इच्छा नाही, श्वास पुरत नाही. शुक्रवारी हा चढला तेव्हा एक वाक्य तरी बोलू शकत होता का?"

"बोलायला बरोबर कुणी नव्हतं," बाबाजी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

त्या दिवसापासून उस्ताद त्याला अबू राफिया म्हणायला लागले. राफिया म्हणजे क्रेन, आणि अबू राफिया म्हणजे क्रेनचा बाप. नाव साइटभर पसरलं आणि बाबाजीला ते मनापासून आवडलं.

ठरलं ते असं. दोन वर्षांनी मिळणारी रजा पुढच्या वर्षीच्या जुलैत होती. त्या रजेत आधी कांग यात्से दोन हे लडाखमधलं सव्वासहा हजार मीटरचं शिखर. ते नीट झालं तर नूनचं नाव काढायचं. तोवर दीड वर्ष तयारी, आणि पहिल्या सहा महिन्यांत एकच नियम: चढताना धाप लागता कामा नये. तोंडाने पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने जायचं. वेग आपोआप वाढेल, तो वाढवायचा नाही.

बाबाजीला हा नियम म्हणजे थट्टा वाटली. पण तो त्याच्या कामातही असाच होता: आधी सांगितलेलं करून बघायचं, मग बोलायचं.

आठवड्यातले चार दिवस ड्यूटी संपली की तो हॉटेलच्या अर्धवट जिन्याने चढायचा. तल्हाने त्याची रीतसर परवानगी काढून दिली होती. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर त्याने बराच विचार केला आणि शेवटी 'पाणी वाहतूक' असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं. उस्तादांनी सांगितलं होतं, ओझं म्हणून पाणी न्यावं आणि वर ओतून द्यावं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. बाबाजी पाच-पाच लिटरचे चार कॅन पाठीवर घेऊन चौदावा मजला गाठायचा आणि ताज्या स्लॅबवर पसरलेल्या गोणपाटांवर रिकामे करायचा. नवीन काँक्रीटला आठवडाभर पाणी मारावंच लागतं. क्युरिंगच्या गँगचा मुकादम समाधान मंगळवेढ्याचा होता. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, क्रेनवाल्याचं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, उद्या त्या पूर्वेच्या कोपऱ्यात ओता. तिकडं आमचा पाइप पोचत नाही."

बोलण्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. जिन्यात एकटा माणूस कुणाशी बोलणार? मग त्याने बायकोला, किशोरीला, व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली. चढता चढता रेकॉर्ड करायचा. आज जेवणात काय होतं, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडकलाय, साइटवर कुणी काय गोंधळ घातला. किशोरी गावात अंगणवाडी चालवायची. दिवसभर तीस मुलांचा आरडाओरडा ऐकणाऱ्या तिच्या कानाला खरं-खोटं लगेच कळायचं. पंधरा दिवसांत तिचं उत्तर आलं:

"तुमचो आवाज आज तुटता हा. दर दोन शब्दांक थांबतास. सावकास जावा मगे."

खरंच त्या दिवशी तो जोरात गेला होता. सहाव्या मजल्यावर एक रंगारी त्याच्याकडे बघत होता म्हणून.

त्यानंतर उस्तादांचा नियम किशोरीच्या हातात गेला. ती प्रत्येक मेसेज ऐकायची आणि एका ओळीत निकाल द्यायची. मार्चमध्ये 'आजून धाप आसा.' जूनमध्ये 'बरा.' ऑक्टोबरात एकदा त्याने खालून वरपर्यंत अख्खी हकीगत न अडखळता सांगितली, एका पाकिस्तानी वेल्डरने कॅम्पच्या मेसमध्ये कशी बिर्याणी केली आणि तिला कसे दोन दावेदार निघाले ती. किशोरीने उत्तर दिलं, "बसान सांगलास मा?" तो बसून नव्हता. पाठीवर आता पंचवीस लिटर होते. त्या दिवशी बाबाजीला कळलं की आपण पूर्वीपेक्षा वेगळे झालो आहोत. शिडी चढणारा बाबाजी तोच होता, पण त्याच्या आत एक मोठी टाकी बसवल्यासारखी झाली होती आणि ती लवकर रिकामी होत नव्हती.

शुक्रवारी जबल अल लौझ. हिवाळ्यात दिवसभर, उन्हाळ्यात फटफटल्याबरोबर निघून ऊन चढायच्या आत खाली. आता तो सगळ्यांबरोबर चालायचा, पाणी वरच्या रानबदामांच्या मुळांशी ओतायचा, आणि उतरतानाही सावकाश, पाऊल पूर्ण टेकवत यायचा. उस्ताद मागून त्याच्या टाचा बघत यायचे. क्वचित "तमाम", म्हणजे उत्तम, म्हणायचे. त्यांच्या तोंडून तेवढंही खूप होतं.

पुढच्या जुलैत बाबाजी गावी आला. आई कृष्णाबाईने त्याच्या तोंडून लडाख ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"दोन वर्सांनी इलस आणि परत डोंगरार चललस? हंय काय डोंगर नाय?"

 तयारी दीड वर्षाची होती, पण रजा साठ दिवसांची, आणि त्या दिवसांवर त्याच्यापेक्षा घरातल्यांचा हक्क जास्त होता हे त्यालाही पटत होतं.  जेवताना त्याची बारा वर्षांची मुलगी अहिल्या एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघत होती.

किशोरीने ताटं उचलता उचलता सांगून टाकलं, "पहिले पंचवीस दिवस घरात. लावणी सगळी करून जायची. मगे लडाख, आणि चतुर्थीच्या आधी परत. आणि लेहपर्यंत मी येतलय. अहिल्या आजयेकडे रवतली."

"तू कित्याक?" कृष्णाबाईने विचारलं.

"दीड वर्स रोज ह्यांचो श्वास मोजलय मी. आता बघूक नको?"

 दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईने बाबाजीला पहाटे उठवून मळ्यात पाठवलं आणि रोपांच्या मुठी बांधावरून वाहायला लावल्या. गुडघाभर चिखलात दिवसभर. कॅनपेक्षा ते काम जड होतं.

लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानातून उतरल्यावर दोन दिवस स्वस्थ पडून राहायचं असतं, हे बाबाजीला तोंडपाठ होतं. तरी दुसऱ्या सकाळी त्याला इतकं ताजंतवानं वाटलं की समोरच्या टेकडीवरच्या पायऱ्या चढून यावं असं त्याच्या मनात आलं. किशोरी म्हणाली, "नको." तो म्हणाला, "पाचशेच पायऱ्या आसत." आणि गेला.

दुपारी त्याचं डोकं फुटायला लागलं. जेवण उलटलं. संध्याकाळी किशोरी बाजारात सावकाश फिरून, जर्दाळू घेऊन, ठणठणीत परत आली तेव्हा तो पांघरुणात तोंड घालून पडला होता. तिने जर्दाळू उशाशी ठेवले आणि पाणी पाजलं.  जबल अल लौझ अडीच हजारांवर संपतो. त्यापुढच्या हवेत आपण किती कच्चे आहोत हे त्याला त्या पांघरुणात समजलं. बरं झालं, असंही त्याच्या मनात आलं. हे इथे, गादीवर, बायको जवळ असताना समजलं.

तिसऱ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं, आणि आणखी एक दिवस थांबून, किशोरीला लेहमध्ये ठेवून तो निघाला. मारखा खोऱ्यातून पाच दिवस चालत बेस कँप. पाच जणांचा गट, आणि गाइड स्टॅन्झिन नावाचा लडाखी, फार कमी बोलणारा. बेस कँपवर त्याने क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते, आणि दोराचं काम शिकवलं. हार्नेस आणि हूक बाबाजीच्या रोजच्या हातातले. ते त्याने डोळे मिटून केलं. दात्यांनी मात्र त्याने दोनदा स्वतःचीच पँट फाडली.

पहिल्या प्रयत्नात उजाडलं तेव्हा ते साधारण अठ्ठावन्नशे मीटरवर होते. बर्फाचा उभा उतार समोर लख्ख दिसत होता आणि माथा हात लावण्याइतका जवळ वाटत होता. तेवढ्यात वारा सुटला. आधी झुळूक, मग सलग. बर्फाचे कण तोंडावर वाळूसारखे आदळायला लागले. स्टॅन्झिन थांबला, वर पाहिलं, आणि म्हणाला, "वापस."

गटात वैभव नावाचा पुण्याचा एक तरुण होता, अठ्ठावीसचा, सगळ्यांत चपळ. त्याला हे पटेना. "तासाभराचं काम आहे. सगळे फिट आहोत. थोडं थांबून बघू ना."

स्टॅन्झिनने मान हलवली. वैभवने बाकीच्यांकडे पाहिलं. दोघांची चुळबुळ चालू होती. बाबाजी दोराच्या शेवटी उभा होता.

"मी क्रेन चालवतो," तो म्हणाला. वाऱ्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागत होतं, पण सूर रोजचाच होता. "वारा वाढला की आम्ही हूक वर घेतो, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, मोकळी सोडतो आणि खाली उतरून चहा पितो. वर्षातून वीसदा. माल तसाच पडून राहतो. वारा पडला की उचलतो. आजपर्यंत एकही बिल्डिंग अर्धवट राहिली नाही."

"पण आपल्याकडे वर्ष नाहीये," वैभव म्हणाला.

"दोन दिवस आहेत. पुरतील. नाही पुरले तर पुन्हा कधी ये. मीही येईन."

तो आधी वळला. त्याच्यामागे बाकीचे वळले आणि वैभवही वळला. उतरताना तासाभरात वारा इतका वाढला की बोलणं बंद झालं, आणि तंबूत पोचल्यावर वैभवने आपणहून सगळ्यांसाठी चहा टाकला.

एक दिवस झोपून काढला. त्यापुढच्या दिवशी, शेवटच्या संधीला, सूर्य उगवला तेव्हा हवा स्तब्ध होती. सहा हजारांच्या वर बाबाजी एक पाऊल टाकायचा आणि तीन श्वास घ्यायचा. एक पाऊल, तीन श्वास. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांच्या आधी वर जायचं ठरवलं होतं तो दोराच्या टोकाला, सगळ्यांच्या मागे होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. शेवटच्या चढावर पायाखालचा बर्फ एकदा सरकला.  लोखंडावर उभं राहायची सवय असलेल्या पायांना ही जमीन विश्वासाची वाटेना. त्याने हातातली बर्फाची कुऱ्हाड रोवली, दाते पुन्हा मारले, पाय टेकला का ते पाहिलं, आणि मगच पुढचं पाऊल उचललं.

नऊच्या सुमाराला तो माथ्यावर होता. वैभवने त्याला मिठी मारली. बाबाजीला सगळ्यांत आधी जाणवली ती भूक. त्याने खिशातला चपटा झालेला शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा स्टॅन्झिनला दिला. स्टॅन्झिनने तो खात पश्चिमेकडे बोट केलं. ढगांच्या वर, फार लांब, दोन पांढरी टोकं होती.

"नून. कून," तो म्हणाला.

बाबाजीने बराच वेळ तिकडे पाहिलं. घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. लांब आहे, एवढं मात्र कळलं.

चतुर्थीला तो घरी होता. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले. कृष्णाबाईने त्याचं तोंड हातात धरून उजेडाकडे वळवलं. "नाक खंय ठेवन इलस?" तिने विचारलं. मग पाच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिने ते नाक मोठ्या अभिमानाने दाखवलं.

सप्टेंबरात तबूकला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी तो आणि तल्हा उस्तादांकडे गेले. उस्तादांनी माथ्यावरचा फोटो उभ्या उभ्या पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांना वेगळंच ऐकायचं होतं. डोकं कधी दुखलं, का दुखलं. उतरायला किती तास लागले. बर्फ सरकला तेव्हा आधी हात हलला की पाय. बाबाजीने पायऱ्यांची गोष्टही लपवली नाही. उस्ताद ऐकत होते आणि एका कागदावर अरबीत लिहीत होते.

"बर्फावरचे पाय कच्चे," ते शेवटी म्हणाले. "वसंतात एक महिन्याचा कोर्स कर, तुमच्याकडे शिकवतात. मग साडेसहा हजारांचं एखादं शिखर. मग नून. चार वर्षं."

"तीन," बाबाजी म्हणाला.

"शिडी नाही ती, अबू राफिया."

"म्हणून तर तीन म्हटलं. शिडी असती तर उद्याच गेलो असतो."

तल्हाने भाषांतर केलं आणि स्वतःच हसायला लागला. उस्तादांनी पेन उचललं, कागदावरचा आकडा खोडला आणि साडेतीन लिहिलं. बाबाजीने तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, कहव्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "या शुक्रवारचा दिवस बसून घालवायचा का? अजून तीन तास उजेड आहे."